फोन लागला नाही

सान ब्रुनो,
१९ नोव्हेंबर

प्रिय कंपाद्रे एलादिओ,

तुम्ही, कार्मीन आणि घरची सगळी मंडळी खुशाल असाल अशी आशा करतो. आम्ही इकडे ठीक आहोत. पावसानं इराइदाचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्याबरोबर इराइदाही. बाकी सारं नेहमीचंच.

पत्र बघून तुम्हाला हसू येईल. आपल्या दोघांच्या मध्ये चार घरं आणि एक चिंचेचं झाड, आणि मी टपालाचं तिकीट चिकटवतोय. पण रविवारी मी तुमच्या ओसरीपर्यंत आलो होतो. आतून डॉमिनोच्या सोंगट्यांचा आवाज येत होता. जोडीदार नाही म्हणून एकटेच मांडून बसला असाल. मी हाक मारली, आणि आवाज थांबला. दार काही उघडलं नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो.

आता मुद्द्याचं. नेफ्तालीला पुएर्तो क्लारोच्या संघाला देऊन आज आठवडा झाला. तो तुमचा मुलगा, बारा वर्षं आपल्या संघाचा कप्तान, आणि मी त्याचा पाद्रिनो, बाप्तिस्म्याला त्याला हातात धरणारा; त्यावरूनच आपण एकमेकांचे कंपाद्रे. तुम्ही रागावलात यात नवल नाही. पण कंपाद्रे, तुम्ही बास्केटबॉल जाणणारे. घडीभर बाप बाजूला ठेवा आणि कागद-पेन्सिल घेऊन बसा.

गेल्या मोसमात आपण बारा संघांत नववे आलो. तिसऱ्या सत्रानंतर आपल्या पोरांचे पाय जड व्हायचे, हे तुम्हीच मला घरी जाताना प्रत्येक वेळी ऐकवायचात. नेफ्ताली चौतीस वर्षांचा झाला. डावा गुडघा दोनदा उघडलेला. त्याच्या बदल्यात मी दोघं आणले. एक होसुआन, वय एकवीस, सात फुटांना दोन बोटं कमी. दुसरा किदानी, तो लांबून डोळे मिटून फेकतो तरी चेंडू जाळीत. मधे आपला चेगी चेंडू खेळवणार, पळायला आता दोन्ही बाजूंना तरुण पाय. अमेरिकेहून एक दणकट गडी येतोय, तो टोपलीखाली. मांडून बघा. कागदावर हा संघ पहिल्या चारात बसतो.

आणि ‘खेळाडू एक वर्ष आधी सोडावा, एक वर्ष उशिरा नको,’ हे वाक्य कुणाचं हो? तीस वर्षं टेबलावर सोंगटी आपटून कोण म्हणत आलं? मी तुमचाच चेला. संघाच्या मालकाला, त्या वकिलाला, तरुण संघ हवा होता हे खरं. पण व्यवस्थापक मी आहे आणि सही माझी आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडायची मला सवय नाही.

राहिलं ते रेडिओचं. त्याचं मला खरंच वाईट वाटतं. ही बातमी नेफ्तालीला माझ्या तोंडून कळायला हवी होती, दुपारी बाराच्या बातम्यांतून नव्हे. मी फोन लावला होता, पण लागला नाही. डोंगरात पाऊस असला की काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तोही सगळ्यांना हेच सांगतोय, असं कार्मीन इराइदाला म्हणाली. तेव्हा तुम्ही विश्वास ठेवाल.

नाताळ जवळ आला. पास्तेलेसचं पीठ-मांस गुंडाळून बांधायला आमच्या मागच्या केळीची पानं यंदा चांगली रुंद आहेत. इराइदा पाठवून देईल.

तुमचा कंपाद्रे,
आन्सेल्मो


सान ब्रुनो,
७ फेब्रुवारी

प्रिय कंपाद्रे एलादिओ,

तुमचा खोकला कमी झाला असं कळलं. बरं वाटलं. मधात लिंबू घेत चला, आणि त्या डॉक्टरच्या गोळ्यांवर फार विसंबू नका.

उत्तर आलं नाही, तरी लिहितो. नाताळ गेला, तीन राजांचा सणही गेला. चौतीस वर्षं तुमच्याकडून बारा पास्तेलेस यायचे, आमच्याकडून बारा जायचे, आणि इराइदा दर वर्षी म्हणायची की कार्मीनचा हात मिठाला आखडतो. यंदा आमचे गेले, तुमचे आले नाहीत. सणाच्या दिवशी इराइदानं ताटं मांडली आणि म्हणाली, “यंदा मीठ अगदी बरोबर पडलंय.” दोघंच जेवलो.

तुम्ही चर्चच्या पायरीवर तिला काय म्हणालात, ते तिनं मला शब्दन् शब्द सांगितलं. “दिला, ते समजतो. खेळ आहे. कदाचित मीही दिला असता. पण माझ्या पोराला रेडिओवरून कळावं? फोन लागला नाही तर पाय होते ना त्याला?” बरोबर आहे तुमचं. पाय होते.

शनिवारी लूचेकडे केस कापायला गेलो. जायला नको होतं, हात दाखवून अवलक्षण. दुकान भरलेलं. बातमीच्या दिवशी नेफ्ताली त्याच खुर्चीत होता, हे तुम्हाला माहीत असेलच. लूचे मला ऐकू जाईल अशा आवाजात दुसऱ्याला सांगत होता: एक बाजू कापून झाली होती, दुसरी व्हायची होती, रेडिओ चालू होता. बातमीत नाव आलं. नेफ्तालीनं अंगावरचं कापड काढलं, नीट घडी घातली, लूचेच्या हातात दिलं आणि अर्ध्या डोक्यानं तसाच बाहेर पडला. मग माझी पाळी आली. लूचेनं खुर्ची झटकली.

“बसा, डॉन आन्सेल्मो. सगळे कापू, की तुमच्या पद्धतीनं अर्धेच?”

सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

संघाचं विचाराल तर सांगतो. सराव सुरू होऊन दोन आठवडे झाले. चेगीनं मला सोडा म्हणून अर्ज दिला. मी त्याला बोलावून विचारलं, बाबा रे, तुझ्याभोवतीच तर संघ बांधलाय, मग तुला खुपतं काय? तो म्हणाला, “डॉन आन्सेल्मो, मी आठ वर्षं न बघता पास दिलाय. कारण तिथं नेफ्ताली असायचाच. आता मला बघावं लागतं.” मी त्याला सोडला. त्याच्या मागोमाग आपला म्हातारा मालीशवालाही गेला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, तसं झालंय. एक वीट काढायची म्हणून काढली आणि आता रोज एक आपणहून निघते आहे.

पण खरं सांगू का, मला भीती वाटते ती शांततेची. तुम्ही सरावाला या आणि नुसते कान देऊन बसा. बुटांचा आवाज, चेंडूचा आवाज, बास. नेफ्ताली पूर्ण वेळ बोलायचा. “डावीकडे बघ! मागं भिंत आहे! सोड त्याला, मी आहे!” मला तर कधी कधी डोकेदुखी व्हायची. अदलाबदल ठरवताना आम्ही त्याचे गुण मोजले, उड्या मोजल्या, गुडघ्याची छायाचित्रं बघितली. ‘मी आहे’ हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं. होसुआन चांगला पोरगा आहे हो, पण पाठीमागून कुणी येतंय हे त्याला आदळल्यावर कळतं. उठतो, “माफ करा, साहेब” म्हणतो, आणि पुन्हा तिथंच उभा राहतो. जेवायला एकटा बसतो. मी या संघाची जीभ कापली, कंपाद्रे, आणि आता तो का बोलत नाही म्हणून बघत बसलोय.

परवा बाप्तिस्म्याचा फोटो सापडला. मी तो पांढरा सूट घातलाय, जो तुम्ही अजून ‘आइस्क्रीमवाल्याचा’ म्हणता. हातात दोन आठवड्यांचा नेफ्ताली. त्या दिवशी आपण लहानपणापासूनचं अरे-तुरे सोडलं, रिवाजच तसा. तुमची आई, डोन्या पेत्रा, देवाघरी सुखी असो, मला बाजूला घेऊन काय म्हणाली होती आठवतं? “आन्सेल्मो, हा आशीर्वाद मागेल तेव्हा द्यायचा, राग असला तरी द्यायचा. न मागता वाटत फिरायचं नाही. आणि एकदा दिलास, की त्याच तोंडानं त्याचं वाईट करायचं नाही.” मी म्हटलं, हो. बोलायला लागल्यापासून तो मागत आला. प्रत्येक सामन्याआधी मैदानाच्या कडेला माझ्या खुर्चीपाशी येऊन वाकायचा. “आशीर्वाद, पाद्रिनो.” “देव तुझं भलं करो, बाळा.” मग पंच चेंडू वर उडवायचा.

फोनबद्दल आणखी थोडं लिहायचं होतं. पण पान संपलं.

तुमचा कंपाद्रे,
आन्सेल्मो


सान ब्रुनो,
२३ मार्च, शनिवार

कंपाद्रे एलादिओ,

तुमच्या तब्येतीचं विचारत नाही. काल डोळ्यांनी बघितलं. बारीक झालात.

पंधरा दिवसांपूर्वी दार उघडलं तर ओसरीत टोपली. दोऱ्यानं बांधलेले बारा पास्तेलेस, आणि कार्मीनच्या अक्षरातली चिठ्ठी: “एलादिओ म्हणतात, फोन लागला नाही तर लागला नाही. माणूस खोटं कशाला बोलेल? पहिल्या सामन्याला येतो म्हणतात.” ईस्टरआधीच्या ऐन उपासाच्या महिन्यात डुकराच्या मांसाचे पास्तेलेस! इराइदा हसली आणि मग बाहीनं डोळे पुसत बसली. चार महिन्यांत पहिल्यांदा ती गुणगुणत स्वयंपाक करत होती. मी म्हटलं, पहिला सामना जिंकू आणि मग खाऊ. टोपली फ्रीजरमध्ये ठेवली. चोराच्या मनात चांदणं. मला एकही उकडायचा धीर झाला नाही.

आणि काल तुम्ही खरंच आलात. तुमच्या त्याच जागी बसलात आणि मला हात केलात. अर्धं सभागृह रिकामं होतं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. पहिलाच सामना पुएर्तो क्लारोशी, नेफ्ताली निळ्या कपड्यांत. मला वाटलं, आता तो येईल, वाकेल, सगळं गाव बघेल, आणि हे संपेल. तो आलाही. सरळ उभा राहिला. हात पुढं केला.

“कसं काय, डॉन आन्सेल्मो? तब्येत बरी?”

डॉन आन्सेल्मो. लूचे म्हणतो तसं. उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं, चौतीस वर्षांचं. पण मागितलंच नाही तर कुणाला देणार? मी म्हटलं, बरी आहे. तो गेला.

सामन्याचं काय लिहू? तेवीस गुणांनी हरलो. कागदावरचा संघ कागदावरच राहिला. शेवटी शेवटी होसुआन चुकीच्या जागी उभा होता आणि त्यांचा तो अडीच मणांचा गडी मागून येत होता, तेव्हा सबंध मैदानात एकच माणूस ओरडला, “मागं बघ, पोरा!” निळ्या कपड्यांतला. आपला पोरगा वाचला. त्याच्या स्वतःच्या प्रशिक्षकानं त्याला त्याबद्दल शिव्या घातल्या. तुम्ही वरून टाळी वाजवलीत, मी ऐकली.

त्यानंतर बाहेरच्या बोळात जे झालं, त्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही नेफ्तालीला धरलंत. मी दोन पावलांवर होतो. “पाद्रिनोला नुसता हात? आशीर्वाद मागायची लाज वाटते आता? तुझ्या आजीनं हे शिकवलं होतं? खेळात अदलाबदल होते, म्हणून माणसं बदलतात का रे?” त्याचे नवे सोबती बघत होते. तो चौतीस वर्षांचा माणूस खाली मान घालून उभा राहिला. एकदा माझ्याकडे बघितलं त्यानं. तोंड उघडायला मला एक क्षण पुरला असता. मी उघडलं नाही. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, “माफ करा, कंपाद्रे, पोरगं चुकलं,” आणि गाडी आणायला गेलात.

तर ऐका.

गेल्या पत्रात पान संपलं म्हणालो. मागची बाजू कोरी होती.

त्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी सही केली. रेडिओवाल्यांना बारा वाजता सांगायचं ठरलं होतं. चाळीस मिनिटं हातात होती. मी लगेच नेफ्तालीला फोन लावला. लागला. दुसऱ्या घंटीला त्यानं उचलला.

“आशीर्वाद, पाद्रिनो.”

“देव तुझं भलं करो, बाळा.”

तोंडातून निघून गेलं. विचार करायला सवड कुठं असते त्यात? आणि निघाल्याबरोबर जीभ टाळ्याला चिकटली. ज्या तोंडानं आत्ता आशीर्वाद दिला, त्याच तोंडानं ‘तुला दिला रे, सामान आवर’ कसं सांगू? डोन्या पेत्रा मला दिसत होती. मी विचारलं, कुठं निघालास? म्हणाला, लूचेकडे, केस फार वाढलेत. मग म्हणाला, “पप्पांच्या झाडाला अवोकाडो लागलेत, तुम्हाला आणू?” मी म्हटलं, आण चार. पावसाबद्दल बोललो. त्याच्या बुटांबद्दल बोललो. पुढच्या मोसमात होसुआनसारखा एखादा उंच पोरगा मिळाला तर तू त्याला शिकवशील का, हेसुद्धा मी विचारलं. “का नाही?” म्हणाला. “आनंदानं शिकवीन.” मग त्यानं विचारलं.

“आणखी काही, पाद्रिनो?”

“नाही रे. सहज केला फोन.”

एवढंच. चार-पाच मिनिटं. तो खुर्चीत जाऊन बसला आणि मी घड्याळाकडे बघत बसलो. पाय होते मला. उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीत चार अवोकाडो होते. इराइदाला वाटलं तुम्ही ठेवलेत. फोन लागला नाही, ही थाप मी गावाला मारली. नेफ्तालीला ती दुसऱ्याच्या तोंडून कळली असणार. त्याला कुणी विचारलं की तोही तेच सांगायचा. तुम्हालासुद्धा त्यानं तेच सांगितलं.

काल तुम्ही गाडी आणायला गेलात तेव्हा मी त्याला विचारलं, का रे झाकलंस? त्यानं पिशवी खांद्यावर घेतली आणि बसकडे बघत म्हणाला, “आताही सांगू नका. मला पाद्रिनो नसला तरी चालेल. पप्पांना तुमच्याशिवाय डॉमिनो खेळायला कोण आहे?” मग बसमध्ये चढला. खिडकीकडे बसला नाही.

आता माझी अवस्था बघा. चौतीस वर्षांत त्यानं आशीर्वाद सोडून माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. काल पहिल्यांदा हे एक मागितलं, आणि तेही मी आज मोडतोय. न मोडावं, तर तुमच्या घरात बाप-लेक एकमेकांशी बोलायचे थांबतील, आणि मी रविवारी तुमच्यासमोर बसून सोंगट्या लावत राहीन. मला ते जमलं असतं, याचीच मला भीती वाटते. चार महिने जमलंच की.

तेव्हा पोराला बोलू नका. त्याला आज फोन करा. तो चुकला नाही. ज्या माणसाकडे आशीर्वाद उरलाच नाही, त्याच्याकडे त्यानं मागितला नाही, इतकंच. तो ज्या संघात जाईल तिथं ‘मी आहे’ म्हणून ओरडेल. आपल्या गावात आता तसं म्हणणारं कुणी नाही, आणि ते मी माझ्या सहीनं केलं. खेळाडू एक वर्ष आधी सोडावा, हे तुमचं वाक्य खरंही असेल. पण सोडायचं म्हणजे त्याला तोंडानं सांगायचं असतं, एवढं मी शिकलो नाही.

इराइदाला आज सकाळी सगळं सांगितलं. ती उठली. पिशवी शोधायला गेली. पत्राबरोबर ती बारा पास्तेलेस परत आणून देईल. दोरासुद्धा सोडलेला नाही. ज्याचा फोन लागला नव्हता, त्या माणसासाठी ते केले होते. तो माणूस इथं राहत नाही.

रविवारी मी येणार नाही. सोंगट्या वाजवत बसा, मधे थांबू नका. ओसरीत कुणी नसेल.

वर सवयीनं ‘कंपाद्रे’ लिहून गेलो. खाली हात धजत नाही.

आन्सेल्मो